आपत्ती व्यवस्थापन अधिकारी नेमके काय करतो?

पूर आल्यावर बोटी पाठवण्यापलीकडे या अधिकाऱ्याला काय काम असते, असा आपला प्रश्न आहे. बोटी हा या कामाचा सर्वांत ठळक दिसणारा, पण लहान भाग आहे.

कोल्हापूरचे उदाहरण घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट मानली जाते. परंतु पाणी किती फुटांवर आले की कोणती गल्ली रिकामी करायची, माणसे कोणत्या शाळेत न्यायची, जनावरांचा चारा कुठून आणायचा आणि (हे हमखास विसरले जाते) त्या शाळेची किल्ली कोणाकडे असते, हे पावसाळ्यापूर्वीच ठरलेले नसेल, तर या आकड्यांचा उपयोग फारसा होत नाही.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि बाधित भागातील वाहतूक व प्रवेश नियंत्रित करण्याचे अधिकार प्राधिकरणाला असतात. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी मात्र मुख्यतः समन्वयक असतो. पाटबंधारे, पोलीस, आरोग्य, महसूल या खात्यांना हुकूम सोडण्यापेक्षा त्यांच्याशी आधीपासून ओळख आणि विश्वास राखणे, हेच माझ्या मते त्याचे खरे कौशल्य होय.

प्रतिसादाखेरीज पूर्वतयारी, पुनर्वसन आणि धोका मुळातच कमी करणे हीही या कामाची अंगे आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपात किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तेथे बांधकामाची पद्धतच जीवघेणी ठरली होती.