कोड कंपनीचा, अनुभव तुमचा

प्रश्न : मी 25 वर्षांचा, विडी घरकुलात राहतो. वडील मागावर कामाला आहेत. इंजिनिअरिंग सोलापुरातच झालं. होटगी रोडवरच्या एका छोट्या कंपनीत सव्वादोन वर्षं वेब डेव्हलपर होतो. रुजू होताना 3 वर्षांचा, दीड लाखाचा बाँड (मुदतीआधी नोकरी सोडली तर ती रक्कम भरायची, असा करार) लिहून घेतला होता. पहिल्याच आठवड्यात क्लायंटच्या कामावर बसवलं. पुण्याची ऑफर आली म्हणून राजीनामा दिला, नोटीस पिरियड पूर्ण केला. तरी शेवटचा पगार नाही, रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र) नाही. वर वकिलाची नोटीस आली : पोर्टफोलिओवरचे (माझ्या कामाचे नमुने दाखवणाऱ्या साइटवरचे) सगळे प्रोजेक्ट काढा, बाँड आणि कॉपीराइटचे मिळून 4 लाख रुपये 15 दिवसांत भरा. त्या प्रोजेक्टांत कंपनीने केलेली एका हॉस्पिटलची अपॉइंटमेंट सिस्टीम आहे (तिचा कोड मी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकला होता, लिंक सोबत आहे) आणि मी रविवारी घरी बसून एका टॉवेल कारखानदाराला करून दिलेली वेबसाइटही आहे. एक कन्सल्टन्सी 15 हजारांत एक्सपिरियन्स लेटर देते म्हणते. घेऊ का?

उत्तर : ते लेटर अजिबात घेऊ नका. जिथे काम केलंच नाही तिथला दाखला नोकरीसाठी दाखवणं म्हणजे बनावट कागद खरा म्हणून वापरणं. भारतीय न्याय संहितेच्या 336 आणि 340 या कलमांत तो फौजदारी गुन्हा आहे. आज तुमचं भांडण पैशांचं, दिवाणी आहे. तो कागद हातात घेतलात की ते पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ शकतं. आणि तुम्हाला त्याची गरजही नाही, कारण तुमची सव्वादोन वर्षं खरी आहेत.

आता गिटहब. तुमच्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. तुम्ही पाठवलेली लिंक मी उघडून पाहिली. एका फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड सरळ लिहिलेला आहे आणि पोर्टफोलिओवरच्या स्क्रीनशॉटमध्ये रुग्णांची नावं नि मोबाइल नंबर वाचता येतात. हे आजच्या आज खाली उतरवा. फाइल डिलीट करून भागणार नाही, जुन्या कमिटमध्ये (कोडच्या आधी जतन झालेल्या नोंदींत) पासवर्ड तसाच राहतो. म्हणून पूर्ण रिपॉझिटरी (प्रोजेक्टचा सगळा कोड ठेवलेली जागा) काढा आणि कंपनीला लेखी कळवा, म्हणजे ते पासवर्ड बदलतील. कळवलं तर चूक कबूल केल्यासारखं होईल असं वाटेल. पण परवानगीशिवाय कंपनीच्या संगणकातला डेटा उचलणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्ये बसतं, आणि हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद आहे. स्वतःहून काढून कळवणारा माणूस अप्रामाणिक होता, हे सिद्ध करणं समोरच्याला जड जातं. शिवाय त्या यादीतल्या रुग्णांचा या भांडणाशी काय संबंध?

त्या सिस्टीमचा कोड कंपनीचाच, यात वाद नाही. कॉपीराइट कायदा 1957 मध्ये कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, आणि कलम 17 प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीची पहिली मालकी नोकरी देणाऱ्याचीच असते, उलट करार नसेल तर. मात्र कोड त्यांचा झाला म्हणून तुमचा अनुभव त्यांचा होत नाही. ‘हॉस्पिटल अपॉइंटमेंट सिस्टीम, बुकिंग आणि एसएमएसचा भाग मी लिहिला, तिघांची टीम’ असं बायोडेटात लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. गोपनीयतेची अट सही केली असेल तर हॉस्पिटलचं नाव तेवढं गाळा. आणि तिघांत मिळून केलेलं काम ‘मी एकट्याने केलं’ असं लिहू नका. तुमच्या पोर्टफोलिओवर सध्या तसंच दिसतंय, आणि समोरचा वकील पहिलं बोट त्यावरच ठेवेल.

टॉवेलवाल्यांच्या वेबसाइटचं उलट आहे. स्वतःचा लॅपटॉप, सुटीचा दिवस, गिऱ्हाईक तुमचं. हे नोकरीतलं काम नव्हे. कॉपीराइट तुमचा, कारण कलम 19 प्रमाणे हक्क दुसऱ्याकडे जायला सहीचा कागद लागतो आणि तुमचा व्यवहार तोंडी झाला. तरी नेमणूकपत्र नीट वाचा. बाहेरची कामं करायची नाहीत अशी अट असेल तर करारभंगाचा मुद्दा ते काढू शकतात. नोकरीच्या काळात केलेलं सगळंच कंपनीचं, असं लिहून दिलं असेल तर मात्र मला ते पत्र बघावं लागेल.

बाँड रद्दबातल असतो असं मित्र सांगतात. ते अर्धवट आहे. करार कायद्याच्या कलम 27 मुळे नोकरी सोडल्यावर ‘दुसरीकडे काम करायचं नाही’ अशी अट टिकत नाही. पण ठरावीक काळ नोकरी करण्याचा बाँड सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात ग्राह्य धरला. तिथे रक्कम 2 लाख होती. फरक असा, की ती सरकारी बँक होती आणि भरतीचा खर्च हा तिचा मुद्दा होता. तुमच्या बाबतीत कलम 74 कामाला येईल : लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. कंपनीने तुमच्यावर कोणतं प्रशिक्षण, किती खर्चाचं केलं ते विचारा. तुम्ही लिहिलंय की पहिल्याच आठवड्यात क्लायंटच्या कामावर बसवलं. ते दाखवणारे ईमेल जपून ठेवा. 3 पैकी सव्वादोन वर्षं भरल्यावर पूर्ण दीड लाख मागणं मला तरी वाजवी वाटत नाही.

पगार अडवणं तर सरळ चूक. वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. राजीनाम्यानंतर 2 कामाच्या दिवसांत पगार द्यावा लागतो. नोटिशीच्या उत्तरात तुमचीही मागणी घाला. उत्तर मुदतीतच, स्पीड पोस्टाने, वकिलामार्फत. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे आधी चौकशी करा. मालकांना व्हॉट्सअॅपवर काहीही लिहू नका.

पुण्याच्या एचआरला मात्र आजच ईमेल करा : राजीनामा, तो स्वीकारल्याचा मेल, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, फॉर्म 16 आणि पीएफ कापला जात असेल तर ईपीएफओची (भविष्य निर्वाह निधी संघटनेची) सर्व्हिस हिस्टरी. रिलिव्हिंग लेटर का नाही आणि नोटीस आली आहे, हेही त्यातच लिहा. पार्श्वभूमी तपासणीत त्यांना ते दुसऱ्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या.