३८० चौरस फुटांत पाच माणसं: घर कसं लावावं?

तुम्ही लिहिलंय की डोंबिवलीत ३८० चौरस फुटांचा वन बीएचके घेतलाय, घरात सासू-सासरे, तुम्ही दोघं आणि नववीतली मुलगी. मिस्टर आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतात. इंटिरियरवाल्याने हॉलमध्ये एल आकाराचा सोफा, भिंतभर टीव्ही युनिट आणि फॉल्स सीलिंग सुचवलंय, ते करावं का? माझं मत विचाराल तर आगाऊ पैसे देऊ नका, ते डिझाइन आधी थांबवा.

मी चौदा वर्षं ठाणे-कल्याण पट्ट्यात अशीच घरं लावून देते. पण लहान जागा मला खरी कळली ती मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीत. १६० चौरस फुटांची खोली आणि आम्ही सात जण. हॉल, बेडरूम हे शब्दच नव्हते. पहाटे वळकट्या कॉटखाली गेल्या की त्याच जमिनीवर आईच्या पोळ्या व्हायच्या, दुपारी आजी तिथेच आडवी व्हायची, दिवेलागणीला आमची दप्तरं उघडायची. सामान फडताळात नाहीतर माळ्यावर. जमीन मोकळी होती म्हणून सात जण मावलो.

आणि गॅलरी होती. पाठांतर गॅलरीत, भांडण झालं की रुसून बसणं गॅलरीत, उकाड्यात काकांची झोपही तिथेच. आता त्या चाळींच्या जागी टॉवर होतायत, १६०च्या बदल्यात ५०० चौरस फूट मिळतायत. तरी नव्या घरात गेलेली माझी मावशी म्हणते, 'उठून जायला जागाच नाही गं.' तुमच्याही फ्लॅटला ती बाहेरची जागा नाही, वर घरात ऑफिस आलंय. तुम्हाला सोफ्यापेक्षा जास्त गरज आहे ती लावून घेता येईल अशा एका दाराची.

म्हणून आधी कागदावर सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंतचे तास मांडा आणि कोण कुठे असतं ते लिहा. अडचण बहुतेक दोनच वेळी दिसेल: मिस्टरांचे कॉल चालू असताना सासऱ्यांचा टीव्ही, आणि संध्याकाळी मुलीचा अभ्यास चालू असताना कुकरच्या शिट्ट्या आणि मालिका.

तुमच्या जागी मी असं करेन. बेडरूममध्ये खिडकीपाशी चार फूट लांब, दीड फूट खोल टेबल. दिवसा ते मिस्टरांचं, संध्याकाळी मुलीचं, दोन्ही वेळा दार बंद. रात्री त्या खोलीत सासू-सासरे पलंगावर आणि मुलगी खालून ओढून काढायच्या गादीवर. तुम्ही दोघं हॉलमध्ये. तिथे सहा बाय तीनचा दिवाण ठेवा, रात्री पुढे ओढून दुप्पट होणारा. दिवसा तोच सासूबाईंच्या दुपारच्या झोपेला. हॉल आणि पॅसेजच्या मध्ये सरकतं दार, निदान जाड पडदा, हवाच. नवरा-बायकोच्या खासगीपणाबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही आणि मग वर्षानुवर्षं घुसमट होते. पाण्याचा तांब्या रात्री बेडरूममध्येच ठेवला की कुणाला हॉल ओलांडावा लागत नाही.

वयस्कर माणसांना घडीचा पलंग कधीच देऊ नका. त्यांचा पलंग साधा, पक्का, जमिनीपासून दीड फूट उंच. रोज घडी घालायचं काम ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांचं. आणि तेही एकाच ठिकाणी ठेवा. भिंतीतला पलंग, घडीचं जेवणाचं टेबल, घडीच्या खुर्च्या असं सगळं केलेलं घर मी पाहिलंय. तीन महिन्यांनी सगळं उघडंच पडलेलं होतं.

कपाटाबद्दल. हँगरला बावीस इंच खोली लागते, पण घडीच्या कपड्यांना सोळा पुरतात. टांगायचे कपडे एका भागात घ्या, बाकी कपाट उथळ करा, अर्धा फूट जमीन परत मिळते. पलंग आणि कपाट यांत जागा कमी असेल तर सरकती दारं. बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका, ही माझी कळकळीची विनंती. माझ्या स्वतःच्या घरात सुताराने तेच केलं. पहिल्याच पावसाळ्यात मागच्या प्लायला बुरशी धरली, आईच्या दोन पैठण्या गेल्या. ती रेशमाला चिकटलेली पांढरी बुरशी अजून डोळ्यांसमोर आहे. दुसरी भिंतच नसेल तर मागे दोन इंच मोकळे सोडा.

फॉल्स सीलिंग नको. नऊ-साडेनऊ फुटांच्या उंचीतले चार-सहा इंच जातात, आणि ते तुम्हाला माळ्याला हवेत. त्या पैशांत सिंकखाली ७१० मार्कचं, म्हणजे पाण्याला टिकणारं, मरीन प्लाय, चांगल्या बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनल घ्या, कारण लहान घरात एकेक ड्रॉवर दिवसातून वीसदा उघडतो. टीव्ही थेट भिंतीवर, सासऱ्यांना हेडफोन.

भिंत पाडायचा विचार असेल तर सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घेतल्याशिवाय हातोडा लावू देऊ नका.

हॉलची लांबी-रुंदी, खिडक्या कुठे आहेत आणि बाथरूमचं दार पॅसेजमध्ये उघडतं की हॉलमध्ये, एवढं कळवा. हॉलमध्ये उघडत असेल तर वरची झोपण्याची मांडणी बदलावी लागेल.