मामलेदाराची ‘स्वारी’

निपाणीच्या एका मैत्रिणीने विचारलंय: माडीवरच्या ट्रंकेत तळाशी अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रात ‘मामलेदारसाहेबांची स्वारी खानापुरास जाऊन आली’ असं वाक्य सापडलं. मामलेदाराने खानापुरावर स्वारी कशापायी केली?

केली नाही गं, गेली. सगळी गंमत त्या क्रियापदात आहे.

स्वारी ‘केली’ की लढाई. १९१४ सालच्या मराठी वाचकाला जर्मनीने बेल्जियमवर स्वारी केली म्हटलं की दुसरं काही सांगावं लागत नसे. पण स्वारी ‘आली’, ‘निघाली’, ‘दाखल झाली’ की ती माणसाची. तेव्हाचे अधिकारी पावसाळा सरला की फिरतीवर निघत. घोडा, तंबू, सामानाच्या बैलगाड्या, शिपाई, कारकून असा सगळा संसार सोबत. गावात शिरताना ती खरोखरच स्वारी दिसायची. १८८०च्या दशकात बेळगावला आगगाडी आली, घोडा सुटला, शब्द मात्र सुटला नाही; डब्यातून उतरणाऱ्या साहेबाचीही स्वारीच.

मुळात फारसी ‘सवार’ म्हणजे घोडेस्वार. त्यातला घोडा आपल्या ‘अश्व’चाच लांबचा भाऊबंद. राजा बाहेर पडला की सोबत फौज असायचीच, म्हणून फिरणं आणि चढाई ही दोन्ही एकाच शब्दात मावली. क्रियापदाची खूण त्यामुळे दर वेळी पुरत नाही. शिवाजी महाराजांची १६७७ची ‘कर्नाटकची स्वारी’ घ्या. तिथे क्रियापद नाही, ‘वर’ही नाही, तरी ती मोहीमच. अशा ठिकाणी संदर्भ बघावा.

मला सगळ्यात आवडतो तो तिसरा अर्थ, जिथे लवाजमा गळून जातो आणि नुसता माणूस उरतो. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून बायका ‘इकडची स्वारी’ म्हणत. आमच्या शहापुरातली आजी दुपारी माजघरातून विचारायची, “स्वारी उठली काय गे?” आजोबा तेव्हा घोरत असायचे. हाच शब्द बातमीदाराच्या हाती गेला की त्याला चिमटा काढता यायचा. ‘स्वारी खुशीत होती’ असं साहेबाबद्दल लिहिलं तर तक्रार कशाची करणार? वर व्याकरणाचा आहेर वेगळा: स्वारी जेवली, स्वारी रागावली. झुपकेदार मिशांचा फौजदारही वाक्यात स्त्रीलिंगी.

पालखीतून निघते ती ‘श्रींची स्वारी’, तिथे मात्र थट्टा नाही.

इथल्या कन्नड शेजाऱ्याला विचारलं तर तो घोटाळ्यात पडत नाही. त्याची ‘सवारी’ म्हणजे घोड्यावरून किंवा वाहनातून जाणं. चढाईला त्याच्याकडे ‘दंडयात्रे’ आहे. आपण एकाच शब्दावर दोन्ही ओझी टाकली. आजच्या बातमीत साहेबांचा ‘दौरा’ असतो. बरा, सरळ शब्द आहे, पण त्यात घोड्याची टाप ऐकू येत नाही.

तुझ्या कागदाचा खालचा कोपरा शाबूत असेल तर पुढची ओळ वाच. तिथे ‘मुक्काम’ किंवा ‘दप्तर तपासणी’ निघाली तर खानापूर सुखरूप आहे.