हृदयातील कृत्रिम झडप : टिकते किती, सांभाळायची कशी?

प्रश्न : मी यंत्र अभियंता म्हणून निवृत्त झालो आहे. पत्नीला काही वर्षांपूर्वी धातूची मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) बसवली, तेव्हा ती आयुष्यभर टिकेल असे सांगण्यात आले होते. हलणारा प्रत्येक भाग झिजतो हेच मी नोकरीभर पाहिले, त्यामुळे हे पटत नाही. त्यातच यंदाच्या इको रिपोर्टमध्ये ‘किंचित गळती’ असे लिहिले आहे. झडप झिजू लागली आहे का? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : शंका रास्त आहे, आणि या झडपा घडवणाऱ्यांनाही ती पहिल्यापासून छळत आली आहे. मिनिटाला ७० ठोके धरले तरी झडप वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा उघडते आणि मिटते. म्हणूनच धातूच्या झडपेची यंत्रावर ४० कोटी आवर्तनांपर्यंत चाचणी घेतात, म्हणजे सुमारे दहा वर्षांचे काम वेग वाढवून आधीच करून घेतात. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या जैविक झडपेसाठी हा आकडा २० कोटी आहे. धातूच्या झडपांमध्ये आज सर्वाधिक बसवली जाणारी दोन पाकळ्यांची झडप १९७७ पासून वापरात आहे. तिला रूढीने धातूची म्हणतात, पण पाकळ्या पायरोलिटिक कार्बन या अतिशय कठीण प्रकारच्या कार्बनच्या असतात आणि त्यांची झीज इतकी कमी असते की केवळ झिजल्यामुळे झडप बदलावी लागणे हा अपवादच.

दगा दिला तो बहुधा जोडांनी. ब्यर्क-शायली या तिरप्या तबकडीच्या झडपेच्या एका मॉडेलमध्ये तबकडी धरून ठेवणारी धातूची कमान वेल्डिंगने जोडलेली होती. काही रुग्णांत ती तुटली, तबकडी निसटली, आणि १९८६ मध्ये ते मॉडेल मागे घ्यावे लागले. वेल्डिंगचा जोड कुठे दगा देतो हे तुम्हाला सांगायला नको. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय झडप तयार झाली, तेव्हा आधीचे तीन नमुने बाद झाले होते आणि तबकडीसाठी कृत्रिम नीलम स्फटिकही वापरून पाहिला होता. शेवटी कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूच्या अखंड तुकड्यातून घडवलेली चौकट आणि त्यात पॉलिइथिलीनची तबकडी ही जोडी टिकली, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती झडप पहिल्या रुग्णाला बसवली गेली. देशी म्हणून तिला दुय्यम समजणारे नातेवाईक अजूनही भेटतात. त्या समजुतीला आधार नाही.

आता गळतीविषयी. दोन पाकळ्यांच्या झडपेत प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त उलटे जावे अशी सोय मुद्दामच ठेवलेली असते. बिजागरीच्या खोबणीत रक्त साचले की तिथे गुठळी धरते, आणि ही उलटी धार ती खोबण धुऊन काढते. त्यामुळे इको करणाऱ्या डॉक्टरांना एवढेच विचारा, की ही गळती झडपेच्या आतून आहे की शिवलेल्या कड्याच्या बाहेरून. आतून आणि किंचित असेल, तर बहुधा ती रचनेचाच भाग असते. बाहेरून असेल, तर टाके सैल झाल्याची किंवा जंतुसंसर्गाची शक्यता तपासावी लागते. अशा फटीतून वेगाने जाताना तांबड्या पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन उतरू लागते. शस्त्रक्रियेनंतर लगेच काढलेला इको रिपोर्ट फाइलमध्ये असेल तर तो सोबत न्या, कारण आजच्या आकड्यांची तुलना त्याच्याशीच करायची असते.

प्रश्न : वडिलांना धातूची झडप आहे. त्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) कधी १.६ येतो, तर कधी ४.८. पालेभाजी पूर्ण बंद केली, तरी फरक नाही. ओळखीचे मेडिकलवाले म्हणतात की आता रक्ततपासणी न लागणारी नवी गोळी आली आहे. ती सुरू करावी का? — एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : अजिबात नाही. डॅबिगॅट्रान या नव्या गोळीचा धातूच्या झडपेच्या रुग्णांवरील अभ्यास २०१२ मध्ये मधेच थांबवावा लागला, कारण त्यांच्यात गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. पुढे अ‍ॅपिक्साबानचा असाच अभ्यास २०२२ मध्ये थांबला. शेजारच्या काकांना हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी हीच गोळी उत्तम लागू पडली असेल. त्यांना धातूची झडप नसते. वडिलांसाठी वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकूमरॉल हीच रक्त पातळ ठेवणारी औषधे आहेत.

पालेभाजी बंद करणे हा आपल्याकडे घरोघरी होणारा उपाय आहे, आणि माझ्या मते तोच पुष्कळदा घोटाळा करतो. वडिलांची गोळी ‘के’ जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करते आणि ते जीवनसत्त्व पालक, मेथी, अळू, कोथिंबीर यांत भरपूर असते, हे खरे. परंतु आहारात ते जवळजवळ नसेलच, तर एका लग्नातल्या जेवणात वाढलेली अळूची भाजीही आयएनआर खाली आणायला पुरते. दर आठवड्याला साधारण सारखीच पालेभाजी खावी आणि त्या आहारावर गोळीची मात्रा बसवून घ्यावी. श्रावणात उपास वाढले, जुलाब लागले किंवा जेवण तुटले, तर त्या आठवड्यात तपासणी लवकर करावी. मेट्रोनिडाझोल किंवा कोट्रायमोक्साझोलसारखी जंतुविरोधी औषधे आयएनआर झपाट्याने वाढवतात, तर क्षयरोगावरील रिफाम्पिसिन तो खाली आणते. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा कुणी दिलेला काढा परस्पर घेऊ नये.

गोळी संध्याकाळी ठेवावी, म्हणजे सकाळी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट पाहून त्याच दिवशी मात्रा बदलता येते. मायट्रल झडपेसाठी आयएनआर सामान्यतः २.५ ते ३.५ आणि महाधमनीच्या झडपेसाठी २ ते ३ ठेवतात. वडिलांचे नेमके लक्ष्य कोणते, ते डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे. रात्रीच्या शांततेत ऐकू येणारी झडपेची टिकटिक दबकी झाली किंवा थांबली, आणि दम लागू लागला, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गुठळीने पाकळी अडकल्याची ती खूण असू शकते.

प्रश्न : माझे वय २९. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापामुळे मायट्रल झडप खराब झाली असून ती बदलावी लागेल असे सांगितले आहे. आम्हाला मूल हवे आहे. कोणती झडप निवडावी? — एक वाचक, हडपसर

उत्तर : आधी हे विचारा, की फुग्याने झडप रुंद करणे किंवा तिची दुरुस्ती करणे शक्य आहे का. शक्य असेल, तर स्वतःची झडप राखलेली केव्हाही बरी.

बदलावीच लागली, तर निवड सोपी नाही. वॉरफरिन वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात व्यंगाचा धोका असतो. हेपॅरिन हे रक्त पातळ करणारे इंजेक्शन बाळापर्यंत जात नाही, पण धातूच्या झडपेला त्याचे संरक्षण तोकडे पडते. जैविक झडपेला वॉरफरिनची गोळी कायमची लागत नाही, म्हणून मूल हवे असलेल्या स्त्रीसाठी तिचा विचार आवर्जून करतात. मात्र तरुण वयात तिच्यात कॅल्शियम लवकर साचते, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांत किंवा त्याआधीच पुन्हा शस्त्रक्रिया लागेल असे धरून चालावे. ठोके अनियमित असतील, तर जैविक झडपेसहही रक्त पातळ करणारे औषध लागू शकते. या झडपा गाईच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून बनवतात. घरात त्यावर आक्षेप निघणार असेल, तर ते बोलणे आधीच उरकून घ्यावे. ऱ्हुमॅटिक ताप पुन्हा येऊ नये म्हणून दिले जाणारे पेनिसिलिनचे दर तीन आठवड्यांचे इंजेक्शन झडप बदलल्यानंतरही चालू ठेवायचे असते, हे अनेकांना ठाऊक नसते. तुमच्या बाबतीत ते किती वर्षे घ्यायचे, हे डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : धातूची झडप असताना एमआरआय आणि दात काढणे चालते का? — एक वाचक, धायरी

उत्तर : दोन्ही चालते. झडपेचे कार्ड दाखवून एमआरआय करून घ्यावा. दाताच्या डॉक्टरांना झडपेविषयी आधीच सांगावे, कारण दात काढण्यापूर्वी अर्धा ते एक तास अ‍ॅमॉक्सिसिलिनचा २ ग्रॅमचा डोस झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दिला जातो. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल, तर दुसरे औषध देतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये.