‘गॅमट’चा ‘ग्राम’शी संबंध नाही

‘भावनांचा संपूर्ण गॅमट’ असे मराठीत लिहावे काय, आणि हा इंग्रजी शब्द आपल्या संगीतशास्त्रातील ‘ग्राम’वरून, म्हणजे स्वरसमूहाच्या नावावरून, युरोपात गेला हे खरे काय, असे एका वाचकाने विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘लिहू नये’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे असले, तरी त्यामागची हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही.

अकराव्या शतकात इटलीतील आरेत्सो येथे गीदो नावाचा संन्यासी चर्चमधील गायकांना शिकवत असे. नवी चाल केवळ ऐकून पाठ करण्यात वर्षे जातात हे पाहून त्याने योहान बाप्तिस्त्याच्या सणाचे, म्हणजे २४ जूनचे, एक लॅटिन स्तोत्र हाताशी धरले. ‘उत् क्वेआन्त लाक्सिस, रेसोनारे फीब्रिस, मीरा जेस्तोरुम, फामुली तुओरुम, सोल्वे पोल्लूती, लाबीई रेआतुम’ या त्याच्या सहा चरणार्धांपैकी प्रत्येक मागच्याहून एक स्वर वर सुरू होतो. त्यांची पहिली अक्षरे उचलली की उत्, रे, मी, फा, सोल, ला मिळतात. ‘तुझ्या सेवकांना तुझी अद्भुत कृत्ये मोकळ्या कंठाने गाता यावीत म्हणून त्यांच्या ओठांचा दोष दूर कर’ असा त्याचा अर्थ. यातील ‘म्हणून’ म्हणजेच ‘उत्’. एवढेसे अव्यय, पण स्वर होऊन बसले!

आता ‘गॅमा’. स्वरांना लॅटिन अक्षरे दिल्यावर पहिल्या अक्षराच्याही खाली एक स्वर जोडावा लागला, तेव्हा त्यासाठी ग्रीक वर्णमालेतील गॅमा घेतला. त्या तळाच्या स्वरावर ‘उत्’ म्हणत, म्हणून तो ‘गॅमा-उत्’. पुढे त्याचा ‘गॅमट’ झाला, आणि तळाच्या स्वराचे नाव साऱ्या स्वरमालेला, मग कोणत्याही गोष्टीच्या पूर्ण विस्ताराला लागले.

आल्ब्रेख्त वेबर यांच्यासारख्या मातब्बर संस्कृतज्ञाने या गॅमाचे मूळ ‘ग्राम’, प्राकृत ‘गाम’, यात शोधावे, याचे मला नवल वाटते. हा गॅमा ग्रीक असून आधुनिकांनी जोडलेला आहे, असे खुद्द गीदोने आपल्या ‘मिक्रोलोगुस’ या ग्रंथात लिहून ठेवले आहे. मग इराणी आणि अरबांच्या खांद्यावरून त्याचे मूळ भारतापर्यंत नेण्याची खटपट कशासाठी? ‘सा, रे, ग, म’ ही षड्ज, ऋषभ, गांधार, मध्यम या नावांची आद्याक्षरे आहेत. गीदोची अक्षरे प्रार्थनेतील शब्दांची आहेत. ‘रे’ दोन्हीकडे आहे, हा निव्वळ योगायोग.

जाता जाता, ‘डो रे मी’ हे लेखनही सोडून द्यावे. ‘उत्’च्या जागी आलेले ते अक्षर इटालियनमध्ये दंत्य ‘दो’ आहे, पोर्तुगीजमध्येही तसेच; गोव्यात मेस्त्राकडे, म्हणजे चर्चच्या संगीतशिक्षकाकडे, सूर शिकलेल्या कोणालाही विचारावे. ते दोनी नावाच्या इटालियन संगीतपंडिताने आपल्या आडनावातून काढले, असे छातीठोकपणे सांगितले जाते. मला मात्र त्यामागे गळ्याची सोय दिसते, कारण ‘उत्’मधला त् सूर लांबवू देत नाही, तर ‘दो’ हवा तितका वेळ ओढता येतो.

वाचकाच्या वाक्यात ‘भावनांच्या सगळ्या छटा’ चालेल.