पगार तेवढाच, मग टॅक्स जास्त का?

प्रश्न: सर नमस्कार, माझा भाचा स्कॉटलंडमध्ये एडिंबराला आणि त्याचा कॉलेजचा मित्र इंग्लंडमध्ये मँचेस्टरला, दोघांचाही पगार वर्षाला 50 हजार पाउंडच्या आसपास, पण भाच्याचा टॅक्स बराच जास्त कापतात म्हणे. एकाच देशात असं कसं? आणि टॅक्सचे अधिकार मिळाले म्हणजे स्कॉटलंड सरकारची चांदीच असेल ना?

उत्तर: भाचा खरं बोलतोय. 2024-25 चे रेट लावून बघितलं तर 50 हजारांवर इंग्लंडमध्ये साधारण 7490 पाउंड इन्कम टॅक्स होतो आणि स्कॉटलंडमध्ये साधारण 9030, म्हणजे दीड हजाराचा फरक. कारण इंग्लंडमध्ये 40 टक्क्यांचा रेट 50,270 च्या पुढे लागतो, स्कॉटलंडमध्ये मात्र 43,662 झाले की थेट 42 टक्के. कमी पगारवाल्यांना उलट थोडा फायदा आहे, पण तो 2024-25 मध्ये वर्षाला जास्तीत जास्त 23 पाउंड होता, त्यात काय होतंय!

स्वतःचे रेट ठरवायचा हा अधिकार स्कॉटलंडला एका दिवसात नाही मिळाला. 1997 च्या सार्वमतात दोन प्रश्न होते, स्वतःची संसद हवी का, आणि तिला टॅक्स कमी-जास्त करता यावा का. दुसऱ्यालाही 63.5 टक्के लोक हो म्हणाले, मग बेसिक रेट पाउंडामागे 3 पेन्स वर-खाली करायची मुभा मिळाली आणि ती एकदाही कुणी वापरली नाही, तलवार म्यानातच गंजली. 2014 ला स्वातंत्र्याचं सार्वमत झालं, ते फेटाळलं गेलं, पण जास्त अधिकार देऊ असा शब्द लंडनवाल्यांनी दिलेला होता, त्यातून 2016 चा कायदा आला आणि एप्रिल 2017 पासून पगारावरच्या टॅक्सचे रेट आणि स्लॅब दोन्ही एडिंबरात ठरायला लागले.

आता चांदीचं. इथेच सगळ्यांची गल्लत होते. लंडनकडून, म्हणजे यूके सरकारकडून, स्कॉटलंडला दरवर्षी ठोक अनुदान येतं, आणि टॅक्स हातात दिला तेव्हा त्या अनुदानातून तेवढी रक्कम कापायलाही सुरुवात झाली. बरं, ही कपात एका जागी थांबत नाही, बाकी यूकेमध्ये माणशी टॅक्सची वसुली जशी वाढते तशी तीही वाढते. म्हणजे स्कॉटलंडमधले पगार तिकडच्यापेक्षा हळू वाढले तर रेट चढवूनसुद्धा हातात फारसं काही उरत नाही, आणि बजेट आधी अंदाजावर बनतं, खरे आकडे आल्यावर दोन-तीन वर्षांनी फरक वळता करतात, तोवर कधीकधी अर्थमंत्रीसुद्धा बदललेला असतो! मला विचाराल तर ही जोखीम घेण्यात काही चूक नाही, ज्याने खर्च करायचा त्याने लोकांकडे पैसेही मागावेत. पण अधिकार अर्धवट दिलाय हे खटकतं. किती उत्पन्नापर्यंत टॅक्सच नाही ते लंडन ठरवतं, व्याज आणि डिव्हिडंडवरचा टॅक्स लंडनकडे, पेन्शन वगैरेसाठी पगारातून कापला जाणारा नॅशनल इन्शुरन्सही लंडनकडे. हा इन्शुरन्स इंग्लंडच्या स्लॅबला जोडलेला आहे, 50,270 पर्यंत 8 टक्के, त्यामुळे 43,662 ते 50,270 या पट्ट्यात भाच्याचे 42 अधिक 8, म्हणजे वाढीव प्रत्येक पाउंडातला अर्धा जातो. हे कुणी मुद्दाम ठरवलं नाही, दोन सरकारांच्या मधल्या फटीत तो सापडलाय.

प्रश्न: ऑफिस लंडनला दाखवलं की सुटला का मग तो?

उत्तर: नाही हो. ऑफिस कुठे आहे ते बघतच नाहीत, मुख्य घर कुठे आहे ते बघतात. अपवाद खासदारांचा, स्कॉटलंडमधून निवडून गेलेला खासदार घर लंडनला थाटून बसला तरी त्याला स्कॉटलंडच्याच रेटने टॅक्स लागतो.