थंड इंजिनवरही पिकअपचा टेम्परेचर काटा 'एच'वर जातो, सेन्सर बदलूनही फरक नाही. दोष कुठे असेल?

भाऊ, रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चावी देताच तापत नसते. म्हणजे दोष इंजिनचा नाही, विजेचा आहे. नवा सेन्सर टाकूनही काटा 'एच'वरच जातो असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे माझा पहिला संशय वायरवर. कुठेतरी ती सोलून बॉडीला लागली असणार.

जुन्या डिझेल पिकअपमधे एका वायरचा सेन्सर असतो आणि त्याला अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॉडीचं कनेक्शन) इंजिनमधूनच मिळतो. थंड असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त, पाणी तापलं की कमी. करंट जितका जास्त अर्थकडे जाईल तितका काटा वर चढतो. वायर मधेच लोखंडाला टेकली की मीटरच्या लेखी इंजिन उकळतंय.

इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा. थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) जिथे बसतो त्या हाउसिंगजवळ किंवा इंजिनच्या हेडवर सेन्सर दिसेल. त्याची पिन ओढा आणि कुठे टेकणार नाही अशी धरा. काही मीटरचा काटा सावकाश पडतो, म्हणून अर्धा मिनिट थांबा. काटा 'सी'वर आला तर वायर आणि मीटर दोन्ही ठीक. नवा सेन्सरच खराब, नाहीतर दुसऱ्या मॉडेलचा दिलाय. दुकानात चुडी (आटे) जुळली की सेन्सर जुळला असं धरून चालतात, ते खरं नाही.

काटा हललाच नाही तर चावी बंद करून मीटरमागचं सॉकेटही काढा. आता ती वायर दोन्ही टोकांनी मोकळी झाली. मल्टीमीटर बझरवर लावून वायर आणि बॉडी तपासा. बीप वाजला की शॉर्ट सापडला. वायर केबिनमधे शिरते तिथलं रबर आणि एक्झॉस्टजवळची वळणं आधी बघा. गाडी गोठ्याजवळ किंवा कापसाच्या गंजीशेजारी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायर हमखास मिळते. बीप नसेल तर मीटर किंवा त्याचा अर्थ खराब. डिझेलचा काटाही सोबत चुकीचं दाखवत असेल तर दोन्ही काट्यांचा सामाईक सप्लाय आणि अर्थ आधी तपासा.

उलटा दोष, म्हणजे काटा उठतच नसेल, तर तीच पिन 12 व्होल्ट 3 वॅटच्या छोट्या बल्बमधून दोन-तीन सेकंद बॉडीला लावा. काटा चढला तर सेन्सर किंवा त्याचा अर्थ गेलाय. चुडीवर टेफ्लॉन टेप गुंडाळली की अर्थ अडतो. इथे मिस्त्री हमखास चुकतात.

सेन्सर दोन पिनांचा आणि ईसीएमला (इंजिनच्या कंप्युटरला) जोडलेला असेल तर हा बल्बचा प्रयोग करू नका. स्कॅनर लावून पिन काढा. बहुतेक गाड्यांत तापमानाचा आकडा उणे 40च्या आसपास पडतो. पडला नाही तर वायरिंग बघा.

दुरुस्तीनंतर इन्फ्रारेड गनने थर्मोस्टॅट हाउसिंगचं तापमान घ्या. चकचकीत धातूवर गन चुकीचं दाखवते, म्हणून काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजा. तापलेल्या इंजिनवर साधारण 80 ते 95 अंश येतात. काटा कायम खालीच राहत असेल तर आधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45च्या वर गेला की थर्मोस्टॅटच काढून फेकतात. काही इंजिनांत त्यामुळे पाणी रेडिएटर टाळून बायपासनेच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

आणि चढलेला काटा धावत्या गाडीत एकदम 'सी'वर पडला तर गाडी लगेच बाजूला घ्या. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की असंच होतं. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडा.